जपानी पूर्वरंग, मेहरूणचा उत्तररंग

रामनवमीच्या उत्सवाच्या चौथ्या दिवशी दुपारी धुळ्याहून निरोप आला : बुवांचा घसा बसला, आज कीर्तनाला येत नाहीत. तोपर्यंत मेहरूणच्या राममंदिरापुढचा मांडव निम्मा भरलाही होता.

उत्सवाला बुवा कोणते आणायचे, हे अकरा वर्षं तोतारामभाऊ ठरवत. भाऊंनी "ऐकाच" म्हटलं, की मेहरूण डोळे मिटून ऐकायला बसे. हा मान रुपचंदनानांना कधीचा हवा होता.

"तोताराम, आज मांडव तसाच उठला, तर पुढल्या साली बुवा मी ठरवीन. आताच सांगी ठेवतो."

"उठत नाही, नाना. बुवांच्या तोडीचं दाखवतो."

आठवडाभर भाऊ एकाच गोष्टीची तारीफ करत फिरत होते. कीर्तनाच्या कॅसेटी उतरवून घ्यायला ते सत्तारच्या व्हिडिओच्या दुकानात गेले, तेव्हा टीव्हीवर एक जपानी सिनेमा लागला होता. बठ्ठा, अगदी अख्खा, हाताने काढलेला! बापाच्या शोधात ताऱ्यामागून तारे पालथे घालणारी पोर, तिच्या सोबतीला देवळाच्या कळसाएवढा लोखंडी यंत्रमाणूस, आणि त्याच्या पाठीवर पडलेलं ढगांचं प्रतिबिंब. भाऊंनी चपला घातल्या होत्या, त्या त्यांनी नकळत काढून ठेवल्या. तेवढ्यात जुम्म्याची वेळ झाली, सत्तार टीव्ही बंद करून नमाजाला गेला. म्हणजे भाऊंनी सिनेमा अर्धाच पाहिला होता. ही बारीकशी बाब मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सगळ्यांना एकच सांगणं : "बघाच!"

भाऊंनी सत्तारला गाठलं. "ती जपानी कॅसेट आण. टीव्हीसकट."

"भाऊ, त्यातलं बोलणं जपानी आहे. कोणाला समजणार?"

"बुवांचं संस्कृत तरी कोणाला समजतं? डोळे भरून येतात ना? झालं तर!"

हातगाडीवरून रंगीत टीव्ही आला, सिनेमा सुरू झाला आणि मांडव गप्प झाला. निळ्या वाळूचे डोंगर, काचेचं पाणी, गवताचं पातं न् पातं हलतंय.

"अय माय!" पहिल्या रांगेतल्या भिकुबाई म्हणाल्या. "हा ढग हाताने काढेल शे? माले तर अंगावर पाणी पडी ऱ्हायनं!"

भाऊंनी नानांकडे पाहिलं. नाना टीव्हीकडे पाहत होते.

पोर यंत्रमाणसाच्या तळहातावर उभी राहिली. शेवटच्या ताऱ्यावरचं भलंमोठं दार किलकिलं झालं, आतून उजेड आला, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्यांतून बाहेर पडला दोंडाईच्याचा नवरदेव, हळद लावलेला.

सत्तारने कपाळावर हात मारून टीव्ही बंद केला. "भाऊ, गजब झाला! कोणीतरी ह्याच्यावर लग्न भरून टाकलं!"

पण भिकुबाईंना पन्नास वर्षं कीर्तन ऐकायची सवय. बुवा मध्येच थांबले म्हणजे पूर्वरंग संपला. त्या उठल्या, बुवांसाठी आणलेला हार टीव्हीला घातला, काचेवर बुक्का लावला आणि वाकून नमस्कार केला. लगेच नामाचा गजर सुरू झाला. हार घातलेला बंद टीव्ही पाहून सत्तारने घाईघाईने त्याची वायर तपासली.

गजर थांबला. सगळे सरसावून बसले.

"होऊ द्या उत्तररंग," नाना गोड आवाजात म्हणाले. "टीव्ही बसला तर बसू द्या. तुम्ही तर बठ्ठा पाहेल शे ना, भाऊ?"

भाऊंनी रामाकडे पाहिलं. राम नेहमीसारखाच हसत होता. भाऊंनी उपरणं कमरेला बांधलं आणि चिपळ्या उचलल्या.

"तर त्या पोरीने दार लोटलं…"

आत बाप होता, पण त्याला लेक ओळखेना. तेव्हा यंत्रमाणसाने आपल्या छातीतला दिवा काढून तिच्या तोंडापुढे धरला. त्या उजेडात बापाला लेक दिसली, आणि दिवा गेलेला तो लोखंडी जीव गुडघ्यावर बसला, तो बसलाच. त्याच्या खांद्यावर पुढे पाखरांनी घरटी केली. साथीला बसलेल्या जीवरामने तबल्यावर त्याची शेवटची पावलं अशी वाजवली, की बायांनी पदर डोळ्यांना लावले. नाना उगाच बुक्का डोळ्यांत गेल्याचं सांगत होते.

पुढच्या रविवारी सत्तारने कुठूनशी अख्खी कॅसेट मिळवली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ पुढे ताठ बसले होते.

दार उघडलं. आत बाप नव्हता. रिकामी खोली, एक खिडकी, खिडकीत समुद्र. पोर खिडकीशी बसली, लाटा तिच्या डोळ्यांत हलल्या. संपला सिनेमा. भाऊंचे हात आपोआप जोडले गेले, इतकं ते सुंदर होतं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

भिकुबाई उठल्या. "सत्तार, ही कॅसेट परत दे. ह्या जपान्यासनी शेवट बदली टाकेल शे!"

"खरं शे," चारी बाजूंनी आवाज आले. "दिवा कुठे गया?"

भाऊंना राहवेना. रामाच्या दारातलं खोटं किती दिवस वागवायचं? ते नानांपाशी जाऊन म्हणाले, "नाना, खरं सांगतो, दुकानात मी अर्धाच सिनेमा पाहिला होता, शेवट पाहिलाच नव्हता."

नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, तोताराम. त्या जपान्यांनीबी कुठे पाहिलाय? तू पुढल्या सालचा बुवा ठरव."