तानुअक्काच्या मुंग्या

रतिलालभाऊंनी पुन्हा एकदा मधपेटीखाली डोकं घातलं, तेव्हा कलाबाईंनी ओट्यावरून विचारलं, "चहा तिथंच आणू का?"

"हळू बोल. माश्या घाबरतात."

"माश्या कुठल्या, तुम्हीच घाबरता."

ते खरंच होतं. चोपड्यात वायरमन म्हणून निवृत्त झाल्यावर भाऊंनी अळिंबी लावली, ती कुजली. लव्हबर्ड पाळले, ते उडाले. आता ही पेटी. कलाबाईंनी बजावलंच होतं, "ह्याही गेल्या तर परसात मी वांगी लावणार, आणि पाणी तुम्ही घालणार." त्यात प्रशिक्षण देणाऱ्या धनसिंग सरांनी धडकी भरवून ठेवलेली. सातेरी माशी मोठी भित्री, पेटीत मुंग्या शिरल्या की घरदार सोडून निघून जाते. म्हणून पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते, आणि भाऊ दिवसभर वाट्या भरत बसत.

अन् नेमक्या धरणगावहून तानुअक्का आल्या, भाऊंच्या थोरल्या बहीण. गुडघे दाखवायला आल्या होत्या, पण येताना नवस घेऊन आल्या. गुडघे बरे होईपर्यंत मुंग्यांना रोज साखर-पीठ घालायचं. घालायचं कुठं, तर परसात, पेटीच्या शेजारी.

"अक्का, इथं नको," असं म्हणायची भाऊंची काय बिशाद. थोरली बहीण, त्यात नवस. म्हणून अक्का आत गेल्या की भाऊ सगळं पीठ झाडून गोळा करत आणि लांब नेऊन टाकत.

"मुंग्या खाई गय्यात का रे भाऊ?"

"बठ्ठं खाई गय्यात, अक्का."

"भुक्या शेत बिचाऱ्या," अक्का कळवळून म्हणाल्या आणि दुप्पट पीठ टाकू लागल्या.

एकदा भाऊ पीठ गोळा करत असतानाच मागून काठीचा आवाज आला. भाऊंनी ओंजळभर साखर-पीठ सदऱ्याच्या खिशात कोंबलं आणि आभाळाकडे बघत उभे राहिले.

"काय करस रे?"

"काही नही, अक्का. ऊन पाही ऱ्हायनू."

ऊन होतंही रणरणतं. अक्का गेल्यावर जिवात जीव आला, तसा भाऊंना माश्यांचा कळवळा आला. त्यांनी अंगातला सदरा काढून सावलीसाठी पेटीच्या झाकणावर पसरला आणि बनियनवरच जेवायला गेले. खिशाची आठवण राहिली नाही. सदऱ्याची एक बाही जमिनीला टेकली होती, तिकडेही लक्ष गेलं नाही.

जेवून येतात तो माश्यांचा घोसच्या घोस पेटीच्या दाराबाहेर लोंबत होता आणि आत नुसता कल्लोळ. वाट्या तर काठोकाठ भरलेल्या. ते मटकन खाली बसले.

"संपलं, कला. लाव तुझी वांगी."

कलाबाईंनी वांग्यांचं नाव काढलं नाही. बिचाऱ्यांना नवऱ्याचं तोंड बघवेना. "अहो, तुमच्या सदऱ्यावरून चढतायत बघा."

खरंच, बाहीवरून काळी रांग खिशात शिरत होती, आणि खिशात न मावलेल्या मुंग्या पेटीत. कलाबाईंनी काठीनं सदरा उचलला आणि धावत जाऊन पुढच्या फाटकापाशी झटकला. भसाभसा साखर-पीठ सांडलं, तेही ओसरीवर बसलेल्या तानुअक्कांसमोर.

भाऊंनी मान खाली घातली. आता अक्काला काय सांगायचं?

अक्कांचे डोळे भरून आले. "खिसामा साखर लई हिंडस, भाऊ? मन्हा गुडघासाठे? आन् कोणले सांगस नही?" त्यांनी भाऊंच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कलाबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. गावी निघताना अक्कांनी नवस भाऊंच्याच स्वाधीन केला. "आते तूच टाकत जाय."

तेव्हापासून भाऊ रोज सकाळी फाटकापाशी साखर-पीठ टाकू लागले. मुंग्यांचा सगळा गोतावळा तिकडेच रमला. परसात मुंगी औषधाला दिसेना. माश्या पेटीत परतल्या आणि कामाला लागल्या.

मग एका सकाळी धरणगावहून फोन आला.

"भाऊ, मन्हा गुडघा एकदम बरा शे आते. आजपासून पीठ टाकू नको."

भाऊंनी फाटकाकडे पाहिलं. तिथं मुंग्यांची रांग लागून ताटकळत होती. मग पेटीकडे पाहिलं.

"घाई करू नको, अक्का," ते काकुळतीनं म्हणाले, "जरा जिना चढी उतरी पाहाय. दुखत असेल अजून."