घोडेवाल्या डॉक्टरांचा पेच

आमच्या मोहोड डॉक्टरांच्या घरी नवा घोडा आला की ते आधी त्याचे दात बघतात. घोडा ब्राँझचा असतो, फ्रान्समध्ये घडवलेला असतो आणि बहुधा तोंड मिटून उभा असतो. डॉक्टरांना त्याचं काही नाही. ते वरच्या ओठावर अंगठा दाबतात, चारही पायांवरून हात फिरवतात, पोटाला कान लावतात आणि निदान सांगतात. "उजवा मागचा पाय लचकला आहे." नाहीतर, "याच्या पोटात कळ येऊन राहिली सर, डोये पाहा." कुणा फ्रेंच कलावंताने रणांगणावरचा आवेश म्हणून जे काही घडवलं असेल, ते आमच्या अमरावतीच्या राजापेठेत पोटदुखी ठरतं.

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. सगळी नोकरी अमरावती जिल्ह्यात झाली, शेवटची काही वर्षं तिवशाला. गायी, म्हशी, बैल, बकऱ्या यांच्यात जन्म गेला. जिवंत घोडा म्हणाल तर वरातीच्या घोड्या तेवढ्या दवाखान्यात आल्या, त्याही लग्नसराईत, नाचून नाचून पाय सुजले म्हणून. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. डॉक्टरांनी फ्रेंच घोडेस्वार जमवायला घेतले. गल्लीत त्यांना आता सगळे घोडेवाले डॉक्टर म्हणतात आणि ते हाकेला ओ देतात.

असे अकरा घोडे त्यांच्या हॉलमध्ये आहेत. शोकेसवर शर्यतीचे दोन, शिलाई मशीनवर शिकाऱ्याचा एक, टीव्हीशेजारी हातावर ससाणा घेतलेला अरब. वऱ्हाडच्या कपाशीला भाव होता तेव्हा परदेशी कंपन्यांचे साहेब इथे बंगले बांधून राहत. जाताना त्यांनी जे मागे टाकलं त्यातलं बरंच काही फिरत फिरत भंगारवाल्यांकडे येतं. अकोल्याच्या आणि बाळापूरच्या भंगारवाल्यांकडे डॉक्टरांचा नंबर आहे. घोडा दिसला की ते फोन करतात, आणि डॉक्टर लसीकरणाला निघाल्याच्या लगबगीने निघतात.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि समोरच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. त्यामुळे मूर्तींच्या तळाशी कोरलेली अक्षरं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला फ्रेंच येत नाही, असं मी सांगून पाहिलं.

"इंग्रजी येते ना? मंग फ्रेंच काय, शिवेले शीव लागून आहे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

बऱ्याच मूर्तींच्या तळाशी एक शब्द असतो. डॉक्टरांचे वडील तो अक्षरं लावून 'फोंडेऊर' असा वाचत, म्हणून डॉक्टरही तसाच वाचतात. त्यांच्या मते हे घोड्यांच्या घराण्याचं नाव. बैलांत जसा खिल्लारी, जसा गवळाऊ, तसा घोड्यांत फोंडेऊर. मी कोश बघून सांगितलं की याचा अर्थ धातूचं ओतकाम करणारा, आपला ओतारी.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या घराण्यात पयले ओतकाम चालत असन."

त्यानंतर मी कोश उघडला नाही.

डॉक्टरांचं आवडतं वाक्य एकच. "जनावर पयले, माणूस मंग." नोकरीतही ते याच वाक्यावर चालले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एक किस्सा सांगतात. तिवशाकडच्या एका घरी गाय आजारी म्हणून डॉक्टर गेले. गोठ्यात गायीशेजारी बाजेवर घरधनी तापाने फणफणलेला. डॉक्टरांनी गायीला इंजेक्शन दिलं, चारापाण्याच्या सूचना केल्या, हात धुतले, चहा घेतला आणि निघताना विचारलं, "आन् हे कावून निजून आहेत?"

तेव्हा घोड्यावरच्या माणसाबद्दल ते काही चांगलं बोलतील अशी अपेक्षाच नको. शिकारी असो, सरदार असो, ते त्याला नुसतं 'सवार' म्हणतात आणि त्याच्याकडे धड बघतही नाहीत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचा एक लांब पितळी पेच असतो. स्क्रूला इकडे पेच म्हणतात. त्या पेचाच्या टोकाने ते रोज सकाळी अकरा घोड्यांचे चव्वेचाळीस खूर साफ करतात. सवारांवरची धूळ काकू पुसतात, वेळ मिळेल तेव्हा.

आणि तरीही एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. नवी मूर्ती आली, तपासणी झाली, की डॉक्टर घोड्याच्या पोटाखालचा पेच सोडवून सवाराला वेगळं करतात. मग त्याला घेऊन फ्रिजपाशी जातात. फ्रिजवर त्यांचा पहिला घोडा उभा आहे, त्याच्यावर सवार नाही. रिकाम्या खोगिराला मधोमध भोक, आणि लगाम वर उचललेला, पण धरायला कुणी नाही. नव्या सवाराला ते त्या खोगिरावर बसवून बघतात.

"मांडी बसत नाही," ते म्हणतात. किंवा, "बूड मोठं आहे." मग सवार आपल्या घोड्यावर परत जातो. असे दहा सवार फ्रिजवर जाऊन नापास होऊन आले.

त्या घोड्याला काय झालंय, असं मी एकदा विचारलं होतं.

"याले काईच नाई झालं," डॉक्टर म्हणाले. "कान पाहा. एक कान मांगं आहे. वरचा काय म्हणते ते ऐकून राहिला."

काकू मात्र दर गुरुवारी त्या खोगिराच्या भोकात उदबत्ती खोचतात. भोक नेमकं उदबत्तीच्याच मापाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर दर शुक्रवारी फुंकर मारून राख उडवतात. या विषयावर नवराबायकोत एक शब्द झालेला मी ऐकलेला नाही.

शेवटी काकूंनीच मला सगळं सांगितलं. डॉक्टरांचे वडील अकोल्याला एका परदेशी कंपनीच्या जिनिंगमध्ये कारकून होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने टेबलावरचा घोडेस्वार त्यांना दिला. दोन पोरं त्या मूर्तीखाली जेवून वाढली. थोरले आमचे डॉक्टर, धाकटे सुधाकर. वडील गेल्यावर वाटणी बसली. बाळापूरकडचं शेत, अकोल्याचं घर, भांडीकुंडी, सगळं चहा थंड व्हायच्या आत वाटून झालं. उरला घोडेस्वार. तो दोघांनाही हवा होता, आणि दोघंही हटेनात.

"मंग यांच्या मामांनं पेचकस मांगतला," काकू म्हणाल्या. "घोडा उलटा केला, पोटाखालून पेच काढला आन् दोन तुकडे दोन भावांपुढं ठेवले. घोडा मोठ्याले, सवार लहान्याले. म्हणे, चला, सुटला पेच."

त्याला चौदा वर्षं झाली. भाऊ भावाशी बोललेला नाही. लग्नांत दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसतात. "जाऊबाई गेली तवा हे अकोल्याले गेले," काकू म्हणाल्या, "दारापर्यंत. चपला काढल्या नाईत, तसेच वापस आले. आन् त्याच आठवड्यात तो ससाणावाला घरी आणला."

यंदा दिवाळीनंतर काकूंच्या कानावर आलं की सुधाकररावांना मुलगा पुण्याला घेऊन चालला आहे. अकोल्याचं घर विकलं. सामान काही वाटून झालं, काही भंगारात निघालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या खोलीवर आले. गुडघ्यांमुळे ते जिना चढत नाहीत. त्या दिवशी चढले, खुर्चीवर बसले आणि दम ओसरेतो भिंतीकडे बघत राहिले.

"सर, अकोल्यात एक सवार निघून राहिला असं ऐकलं."

"जाऊ या की."

"मी नाई. तुमी जा. तुमीच शौकीन आहा असं सांगजा. माझं नाव काढू नका."

"पण विचारू काय?"

डॉक्टर आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून म्हणाले, "विचारजा, फोंडेऊर घराण्याचा सवार आहे का म्हणा."

अकोल्याच्या त्या घरात खोकी बांधून ठेवली होती. सुधाकरराव डॉक्टरांसारखेच दिसतात, फक्त जरा बारीक. त्यांनी स्वतः चहा केला. मी जुन्या मूर्ती जमवतो, अशी माझी ओळख मी करून दिली. पाठ केलेलं वाक्य होतं, ते बरं उतरलं.

"आपल्याकडे एक सवार आहे असं कळलं," मी म्हणालो. "फोंडेऊर घराण्याचा."

सुधाकररावांनी बशी खाली ठेवली.

"दादाचे गुडघे कसे आहेत?"

"कोण दादा?" मी म्हणालो. तोंड मात्र माझं मलाच खोटं वाटत होतं.

"सर, या दुनियेत फोंडेऊर म्हणणारे तीनच माणसं झाले. एक आमचे बाबा, ते गेले. एक मी. आन् मी तं तुमाले पाठवलं नाई."

मी गुडघ्यांची हकिकत सांगितली. जिना चढून आल्याचंही सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग उठून आतून सवार घेऊन आले. पिसांची टोपी, ताठ मान, हातात नसलेला लगाम धरलेला फ्रेंच सरदार. तो एका लाकडी बैलावर बसला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं चाकांचा लाकडी बैल ओढत नेतात, तसला बैल. पडू नये म्हणून सरदाराला सुतळीने बैलाच्या वशिंडाशी बांधलं होतं.

"पेच नाई ना आमच्यापाशी," सुधाकरराव म्हणाले. "वाटणीच्या दिवशी पेच कुठं गेला, कोणाले मालूम नाई."

"आणि हा बैल?"

"दादाचा हाय. लहानपणचा. वाटणीत कोणाच्या ध्यानात आला नाई. मंग मीबी नाई सांगतलं." त्यांनी बैलाचं एक चाक बोटाने फिरवलं. "सांगजा त्याले, सवार पुण्याले चालला. पाह्याचा असन तं येऊन पाह्य म्हणा."

संध्याकाळी राजापेठेत परतलो तेव्हा डॉक्टर फाटकाशीच उभे होते.

"देल्ला का?"

मी झालं तसं सांगितलं. फोंडेऊरने घात केला म्हणालो, गुडघ्यांची चौकशी झाली म्हणालो, बैलाचंही सांगितलं. बैलाचं ऐकून डॉक्टरांचा हात खिशातल्या पेचाकडे गेला. ते आत गेले. तो गुरुवार होता. त्यांनी खोगिरातली जळती उदबत्ती काढून काकूंच्या हातात दिली आणि फ्रिजवरचा घोडा जुन्या टॉवेलात गुंडाळायला घेतला.

सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. घोडा डॉक्टरांच्या मांडीवर. टॉवेलातून चार पाय बाहेर आले होते. कंडक्टरने विचारलं, हे काय आहे.

"पेशंट," डॉक्टर म्हणाले.

कंडक्टर पुढे गेला.

सुधाकररावांनी दार उघडलं. दोन भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे. मी डॉक्टरांच्या मागे होतो, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. सुधाकररावांचा दिसला, आणि मी नजर खाली घातली.

"आला का?"

"आलो."

"मंग चपला काढ."

डॉक्टरांनी चपला काढल्या. त्यांना वाकवत नाही, म्हणून भिंतीला धरून काढल्या, वेळ लागला.

घोडा खोक्यावर ठेवला. सुधाकररावांनी सुतळी सोडली आणि सवार उचलला. डॉक्टरांनी खिशातून पेच काढून पुढे धरला.

"हा तुयापाशी होता?"

"हो."

"चौदा वर्ष?"

"खूर साफ कराले कामी येते," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी वरून सवार धरला, सुधाकररावांनी खालून पेच फिरवला. सवार बसला. लगाम बरोबर त्याच्या मुठीत गेला आणि घोड्याचा मागे वळलेला कान त्याच्या तोंडाच्या रेषेत आला. मी खोक्यांवरची नावं वाचू लागलो.

दुपारी पिठलं-भाकर खाऊन निघालो. डॉक्टर चपला घालून रिकाम्या हातांनी अंगणात उतरले.

"घोडा राहिला," मी म्हणालो.

"राहू द्या," डॉक्टर मागे न बघता म्हणाले. "सवार पुण्याले पायी जाईन का?"

फाटकापर्यंत सुधाकरराव धावत आले आणि त्यांनी डॉक्टरांच्या हातात लाकडी बैल दिला. एसटीत तो डॉक्टरांच्या मांडीवर होता. या वेळी कंडक्टरने काही विचारलं नाही.

आता फ्रिजवर तो बैल आहे. त्याला भोक नाही, त्यामुळे काकूंची गुरुवारची पंचाईत झाली आहे. घोडे बघायला येणारा एखादा विचारतो, हा बैलही फ्रान्सचाच का? "फोंडेऊर घराण्यातला आहे," डॉक्टर सांगतात. "बाकीचे त्याच्या मागून आले." खूर ते आता आगकाडीने साफ करतात. पण आधी हात सवयीने खिशाकडे जातो, आणि तिथे पेन सोडून काही लागलं नाही की ते उगाच पेन काढून परत ठेवतात.

नवा सवार फ्रिजपाशी नेऊन बघणं बंद झालं. खरं म्हणजे त्यानंतर नवा घोडाच आला नाही. बाळापूरच्या भंगारवाल्याचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले, सध्या वेळ नाही.

रविवारी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. डॉक्टर फोन स्पीकरवर टाकतात आणि इतक्या मोठ्याने बोलतात की वरच्या मजल्यावर मला सगळं ऐकू येतं. सुधाकरराव सुरुवातीला घोड्याचंच सांगायला लागतात. मुलाच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवला, ऊन कुठून येतं, सुनेने कशाने पुसला.

"ते जनावराचं मंग सांगजो," डॉक्टर मध्येच तोडतात. "पयले तू सांग. झोप लागते का तुले तिथं?"