अधारतालचा समुद्र

वानखेडे काका घरी आलेल्या माणसाला आधी बसवत नाहीत, पाणी दाखवतात. प्यायचं नव्हे. समुद्रापासून कितीतरी दूर, अधारतालच्या त्यांच्या बैठकीत चार फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात दोन महिने नुसतं खारं पाणी होतं. मासा नाही, काही नाही. आम्ही वाकून वाकून बघायचं आणि काका म्हणायचे, "अजून तयार होऊन राहिलं. पास नाही केलं."

काका संरक्षण कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त झाले, पण पास-रिजेक्ट काही सुटलं नाही. माझ्या बायकोचे पोहे एकदा मिठावरून रिजेक्ट झाले, तेव्हापासून ती त्यांना फक्त चहा देते. मुलगी स्वाती मुंबईचं सासर कायमचं सोडून आली, तेव्हाही त्यांनी गल्लीला तोंडी ऑर्डर काढली होती, "काहून आली म्हणून तिला कोणी विचारायचं नाही." स्वाती दिवसभर खोलीतच असायची. आम्हीही तिला विचारलं नाही. आपसात मात्र भरपूर बोललो.

एक दिवस काका मला म्हणाले, "तू ऑफिसच्या कामानं मुंबईले चालला ना? परतीच्या विमानात मी पण आहो. जिवंत कोरल आणायचं आहे."

"पोवळं होय! ते तर सराफाकडे मिळतं," माझी बायको म्हणाली. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा चहाच करायला गेली.

मुंबईच्या विमानतळावर काका थर्मोकोलची पेटी कवटाळून उभे होते. आत प्राणवायू भरलेली पाण्याची पिशवी आणि तिच्यात मुठीएवढं कोरल. संध्याकाळपर्यंत टाकीत गेलं तर जगणार, नाहीतर संपलं. कागदपत्रं चोख होती. पण पॅकिंग काकांनी स्वतः केलं होतं, कारखान्याच्या सवयीने. पेटीवर काळ्या रंगात, दारूगोळ्याच्या खोक्यावर असतात तशा अक्षरांत लॉट नंबर, तारीख आणि मोठ्ठं 'सावधान'.

दोन मिनिटांत आमच्याभोवती चार जवान.

"अंकल, ये लॉट नंबर क्यों लिखा है?"

"बिना लॉट नंबर का डिब्बा मैंने तीस साल में नहीं छोड़ा!"

पेटी बाजूला गेली. आधी मी हसलो, मग घड्याळ पाहून हसू आटलं. पिशवी फोडून बघू, असं एकजण म्हणाला तेव्हा काका आडवे आले. "डिब्बा खोलो, थैली नहीं. हवा गई तो माल गया." मग पेटी ठेवा आणि तुम्ही जा, असं सांगण्यात आलं. काकांनी अंगातला स्वेटर काढून पेटीभोवती गुंडाळला, कारण एसी फार होता, आणि तिथेच फरशीवर मांडी घातली. "हे जाईल तर मी जाईन," ते मला म्हणाले. "तू जा."

शेवटी मोठे साहेब आले, कागद वाचले, पिशवीवर टॉर्च मारला. "ये तो पत्थर है."

"साहब, पत्थर के लिए कोई इतना भांडेल क्या?"

साहेबांना 'भांडेल' कळलं नसावं, पण काकांचा चेहरा कळला. पेटी सुटली. विमानात काकांनी खिडकीची जागा भांडून मिळवली आणि खाली सामानात पेटी सरळ चढली हे पाहूनच पट्टा बांधला.

घरी पोचल्याबरोबर त्यांनी बादलीत कोरल ठेवलं आणि टाकीतून सलाइनची नळी सोडली. "आपलं पाणी त्याले एकदम नाही द्यायचं," मला म्हणाले. "थेंब थेंब द्यायचं. घाई केली तर मरते."

आवाज ऐकून स्वाती बाहेर आली. बादलीत पाहिलं आणि खालीच बसली.

"हे माझंच कोरल. ही फांदी टाकी साफ करताना माझ्या हातून मोडली होती," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही त्यांच्याकडे गेले होते?"

तिच्या सासरच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं काकांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. त्यांनी उगाचच नळीचं चाक फिरवलं.

"तू म्हटलं होतं ना जेवताना, की त्याचं पाणी कोण बदलत असेल म्हणून. मागितलं, त्यांनी दिलं." मग खालच्या आवाजात, गुन्हा कबूल करावा तसं, "चहा पण प्यालो."

दोन महिने मी त्या पाण्याची टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली.

बादलीवर वाकून स्वाती म्हणाली, "बाबा, थेंब जोरात पडून राहिले."

काकांनी नळी तिच्या हातात दिली.

"तू पाहा," ते म्हणाले. "मले यातलं काय समजते?"