तिकडचं इंटरनेट

सासरेबुवांना डिफॉल्ट रूट समजावून सांगण्यात जावयाची एक अख्खी सुट्टी खर्ची पडली. दोन घरांच्या मध्ये एक गल्ली होती. तिच्यावरून त्याने स्वतः शिडीवर चढून वायर ओढली होती आणि दोन्हीकडच्या राउटरांची गाठ घालून दिली होती.

"आपल्या दोन घरांतले पत्ते राउटरला पाठ आहेत," तो सांगत होता. "जे पाठ नाही, त्या सगळ्याला एकच ठरलेली वाट. आधी स्वतःचं इंटरनेट. ते बंद असेल तर पलीकडच्या घरी धाडायचं."

"म्हणजे आपल्याला कळत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं," सासरेबुवा म्हणाले. "मी आयुष्यभर तेच करतोय. हिला विचारा म्हणतो."

"काय?" सासूबाईंनी आतून विचारलं, आणि विषय तिथेच मिटला.

जावई मात्र स्वतःवर बेहद्द खूश होता. ऑफिसात तो शाखाच्या शाखा जोडून द्यायचा, पण तिथे कोणी पाठ थोपटत नसे. इथे सासरेबुवांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जावईबापू, आता तुमचं आमचं एकच झालं." या थापेच्या भरात त्याने दोन्ही घरांतल्या सगळ्यांच्या मोबाइलचे इंटरनेट पॅकही बंद करायला लावले. दोन-दोन राउटर हाताशी असताना पॅक कशाला, असा त्याचा रोकडा सवाल होता.

पुढच्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोची मुलाखत होती. मूल लहान म्हणून तिने नोकरी सोडली होती. आता मूल शाळेत जायला लागलं होतं आणि ती अर्ज करकरून थकली होती. बोलावणं आलं ते हे पहिलंच, तेही व्हिडिओवर. ती इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसली. वायफायच्या रेघा काठोकाठ भरलेल्या होत्या, पण पान काही उघडेना.

"तुझा राउटर बघ," ती म्हणाली. चालत असला की तो राउटर दोघांचा असे, बंद पडला की त्याच्या एकट्याचा.

आपलं बंद पडलं असेल तर पलीकडून येईल, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला, असं जावयाने ठासून सांगितलं. तरी येईना, तेव्हा बायको लॅपटॉप कवटाळून माहेरी पळाली. तिथे सासरेबुवा सकाळपासून टीव्हीसमोर हात जोडून बसले होते. इंटरनेट तुमच्याकडून यायचंय, त्याचीच वाट बघतोय, म्हणाले. ती परत आली, पुन्हा गेली. जावयाने तोवर स्वतःच्या मोबाइलवर निरोपांच्या वाटेची तपासणी लावली. इथून निघालेला प्रत्येक निरोप सासऱ्यांच्या राउटरकडे जात होता, तो राउटर त्याला परत इकडे धाडत होता, आणि असे हेलपाटे मारमारून बिचारा वाटेतच दम तोडत होता. खिडकीबाहेर गल्लीत बायकोचंही तेच चाललं होतं.

तो धावतच सासरी गेला, बायकोही मागोमाग आली. "बाबा, तुमचं कनेक्शन चालू आहे ना?"

"ते या महिन्यापासून बंद केलं की. तुमचं आहे ना."

जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने लॅपटॉपकडे पाहिलं.

"मीही आपलं बंद केलं," ती म्हणाली. "म्हटलं बाबांचं आहेच, दोन कशाला? आणि मी आईला विचारलं होतं."

"मीही हिलाच विचारलं होतं," सासरेबुवा म्हणाले.

सगळे सासूबाईंकडे वळले. त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"दोघांनीही विचारलं, बंद करू का. मी हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "काय बंद करायचं ते कोणी सांगितलं? मला वाटलं, पंखा."

मुलाखतीला दोन-चार मिनिटं उरली होती. बायकोचे डोळे भरून आले. जावयाला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात सासूबाईंनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. त्यांनी आपला पॅक बंद केलाच नव्हता. त्या वायरीवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

मुलाखत त्यावरच लावली, पण फोन टेकवायला धड जागा सापडेना, म्हणून सासूबाईच तो दोन्ही हातांत धरून लेकीसमोर उभ्या राहिल्या. सासरा आणि जावई दाराआड कान लावून होते. बायको झकास बोलली, कुठे अडली नाही. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "सोमवारपासून येऊ शकाल?"

बायको गडबडली. मुलाची शाळा, घर, येणंजाणं, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"हो," फोनच्या मागून सासूबाई म्हणाल्या.

मग फोनमधल्या बाई हसल्या. "छान. मग सोमवारी भेटू."

बायकोने आईला फोनसकट मिठी मारली. सासरेबुवांनी या यशाचं श्रेय ताबडतोब वायरीला देऊन टाकलं. आता उरला प्रश्न एकच, कनेक्शन कोणाकडचं चालू करायचं? बापलेक दोघंही सासूबाईंकडे बघायला लागले.

"आता मला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकमेकांना विचारा."

"तुमचंच चालू कर, चिमे," सासरेबुवा म्हणाले.

"नको बाबा, तुमचंच करा."

"छे, तुमचंच बरं."

हे प्रकरण कुठे जाणार ते जावयाने सकाळीच पडद्यावर पाहिलं होतं. तो सासूबाईंच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आई, तोवर दोन्ही घरं तुमच्याच फोनला जोडू का?"

"हो," सासूबाई घडी घालता घालता म्हणाल्या. आणि मग मान वर करून विचारलं, "काय?"