दुर्गाक्कांचं सुतक

सलग दहा भाग पाहिले की मालिकेतलं घर नात्यात धरतात, त्यामुळे मालिकेतल्या थोरल्या सासूबाई दुर्गाक्का जिन्यावरून पडून गेल्या तेव्हा हेमलतावहिनींना सुतक लागलं.

वहिनी खरं तर एकच भाग बघून भाजी फोडणीला टाकणार होत्या. रोजच टाकणार असतात.

रविवारी त्यांच्या केतकीचा साखरपुडा. मुलाची आई मोठी करडी. हा मुहूर्त टळला तर पुढचं बोलणं नाही, असं तिने आधीच बजावलेलं.

सुतकाच्या घरी चूल कशी पेटवणार, म्हणून शेजारच्या शैलाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "जिन्यावर तेल धाकट्या सुनेनंच सांडलं होतं ना हो?"

"काकू, तुम्हीसुद्धा!" केतकी कडाडली. "आई, नवव्या भागाला उठता येत नव्हतं?"

"नवव्याला कोण उठतं गं?" वहिनींनी हुंदका दिला, आणि लेकीच्या गळ्याची शपथ घेऊन टीव्ही बंद केला.

खांबेटे गुरुजी आले. पंचांग उघडून त्यांनी विचारलं, "मधली गाणी पळवलीत का? पळवली असतील तर नातं लांबचं. आंघोळीवर भागेल."

"एकही नाही पळवलं," वहिनी म्हणाल्या. तेवढा संयम त्यांनी राखला होता.

"प्रेत दाखवलं?"

"नुसती चप्पल."

"मग आशा आहे. बघत राहा. बाई परत आल्या तर सुतक तिथल्या तिथे फिटतं."

वहिनींना शपथ आडवी आली. शेवटी केतकीनेच रिमोट हातात घेतला आणि आईला शेजारी बसवलं. शनिवारी संध्याकाळी दुर्गाक्का डोक्याला पट्टी बांधून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. स्मृती गेली होती, पण गुरुजी म्हणाले, तेवढं चालतं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वहिनी टीव्ही बंद करायला उठल्या, तर केतकी म्हणाली, "थांब गं. एकच भाग."

रविवारी सकाळी मालिकेतल्या धाकट्या सुनेला मुलगा झाला. जन्माचं सोयर लागलं, आणि या वेळी केतकीलाही.

तिने होणाऱ्या सासूला फोन लावला. "आजचं जरा..."

"मीच करणार होते गं फोन," पलीकडचा करडा आवाज चक्क ओलावला होता. "आमच्याकडेही सोयर आहे. बारशानंतरचा मुहूर्त धरू. पण मला सांग, बाळाचं नाक दुर्गाक्कांवरच गेलंय ना?"

"पुढच्या भागात नीट दाखवतील," केतकी म्हणाली.

दारात शैलाकाकू डिंकाचे लाडू घेऊन उभ्या होत्या. "सरका जरा," त्या म्हणाल्या.