सोपानमामांची बॅटरी

भर दुपारी बारा वाजता, लग्नाच्या मांडवात, गळ्यात भलीमोठी बॅटरी अडकवून अक्षता टाकणारा माणूस मी एकच पाहिला आहे. आमच्या अवसरी बुद्रुकचे सोपानमामा. एलईडीची, नारळाएवढ्या तोंडाची ती बॅटरी लावली की पल्याडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागत. कुणी म्हटलं, "मामा, ऊन पडलंय की," तर मामा शांतपणे म्हणत, "पंगत उठंस्तवर ऱ्हातंय का?"

गावाभोवती ऊस आणि उसात बिबटे. त्यामुळे दिवस मावळला की डेअरीवर दूध घालून निघालेल्यांना वस्तीवर पोचवण्याचं काम मामांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं. नियम कडक. चप्पल तुटली तरी खाली वाकायचं नाही, वाकलेला माणूस बिबट्याला जनावर वाटतो. मोठ्याने बोलत राहायचं. विषय सुचला नाही तर मामाच देत, "बोला मास्तर, कांद्याला बाजार काय?" मी शाळामास्तर, मला कांद्यातलं काय कळतंय? तरी बोलायचो.

एकदा उसाच्या कडेला दोन डोळे चमकले म्हणून मामांनी आम्हा दहाजणांना अर्धा तास टाळ्या वाजवायला लावल्या. निघाले ट्रॉलीचे रिफ्लेक्टर. आम्ही चिडलो. मामांवर काही परिणाम नाही. म्हणाले, "पन समदी जित्ती हायेत ना?"

गेल्या थंडीत एका संध्याकाळी बाकीचे पोचले, मी शेवटचा राहिलो. कालव्याच्या चारीच्या वळणावर उजेड पिवळा पडला.

"मामा, चार्जिंग उतरलं काय?"

"बोलत ऱ्हावा."

वारा नव्हता, तरी डावीकडचा ऊस हलत होता. दहा पावलं गेलो आणि वाटेवर तो दिसला. बसला होता, आमच्याकडे तोंड करून. मामांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. बॅटरी त्याच्यावर रोखली.

"मास्तर, कांद्याला बाजार काय?"

मी मामांचा सदरा घट्ट धरला. मग मामाच ओरडून बाजार सांगू लागले. गोळा, मध्यम, बदला, सगळी प्रतवारी. बिबट्या सावकाश उठला, अंग ताणलं आणि उसात शिरला. पाठोपाठ बॅटरी विझली. उरलेली वाट आम्ही दोघांनी ओरडतच काटली.

घरी बायकोने चहा दिला. मामांनी तो बशीत ओतून दोन घोटांत संपवला.

"मामा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लई वाटती. पन मानूस संगं असलं का निभतंय."

"आणि परत जाताना?"

"पळतो."

हसले नाहीत. मामांनी सत्तरी गाठलेली, गुडघे धरलेले. "परत जाताना संगं कोन असतंय? पळतो, अन् येकटाच बोलतो."

मी उठलो, मोबाइलचा लाइट लावला. "चला, आज मी सोडतो तुम्हाला."

मामांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "मंग तुमाला कोन सोडनार?"

मला लाज वाटली. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही मामांना हे विचारलं नव्हतं.