सोपानकाकांना काय आवडतं

सोपानकाकांसमोर खोकू नये. आपण खोकलो की दोन मिनिटांत तेही खोकायला लागतात. लंगडणाऱ्या माणसाला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले, तर येताना एकटेच लंगडत येतात. कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलवाले त्यांना आपलाच माणूस म्हणून जीपमधून फिरवतात, आणि काका दोन्ही जीपमध्ये अगदी मनापासून घोषणा देतात. निकाल लागला की जिंकलेल्यांचा गुलाल अंगावर घेऊन हरलेल्यांच्या ओसरीवर जातात आणि तिथं खरोखर रडतात.

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"तुमचं काय? मग तेच."

माझी मुलगी साताऱ्याला मानसशास्त्र शिकते. तिच्या मते ज्याला आपण कोण, कसे, हे पक्कं ठाऊक असतं तो माणूस संकटात टिकतो. ज्याला नसतं तो वाऱ्यावर जातो. सुट्टीत वाईजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा तिनं काकांनाच गाठलं.

"आजोबा, माणूस म्हणून तुम्ही कसे आहात?"

"तुला कसा वाटतो?"

"मला नाही, तुम्हाला."

काकांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं. "अगं, मी कसा हाय?"

"येंधळं हाईत आन् भित्रं हाईत," काकी आतून म्हणाल्या.

"घे लिहून," काका म्हणाले.

मग तिनं तोच प्रश्न मला केला. मी म्हटलं, मी ठाम माणूस आहे. आणि बायकोकडं बघितलं.

काकींचं सगळं पक्कं असायचं. काकांचं पक्कं करायचं कामही त्यांच्याकडंच. "ह्यांना थंडी वाजतीया, शाल द्या," असं त्या म्हणाल्या की काका कुडकुडायला लागत.

गेल्या हिवाळ्यात काकी दोन दिवसांच्या तापानं गेल्या. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, "आता आजोबांचं अवघड आहे."

तसंच दिसत होतं. भेटायला येणारा रडला की काका रडत, उसाच्या तोडीचं बोलला की तोडीचं बोलत. कुणी नसलं की दुकान बंद असल्यासारखे बसून राहत. हा माणूस आता हळूहळू नाहीसाच होणार, असं मला वाटायला लागलं.

आमच्या घरात एक रीत आहे. दहाव्याला घाटावर जवळच्या माणसांनी गेलेल्याच्या नावानं आपल्या आवडीचा एक जिन्नस जन्मभरासाठी सोडायचा. काकांच्या मुलानं पेढे सोडले. ते डॉक्टरांनी आधीच बंद केले होते. काकींची धाकटी बहीण चंपामावशी, तिनं सीताफळ सोडलं. मग गुरुजी काकांकडं वळले.

मी मान खाली घातली. यांना काय आवडतं ते सांगणारी बाई समोर भाताचा पिंड होऊन बसली होती.

"सोपाना, सांग की रं," भावकीतले थोरले आबा म्हणाले.

"वांगं," काका म्हणाले.

"आवं दाजी, आवडीचं सोडायचं असतंय," चंपामावशी हळूच म्हणाली. "तुमाला वांगं चालतच न्हाई. आक्का पयल्यापास्नं सांगायची. तुमच्या घरात कवा शिजलंबी न्हाई."

"कृष्णाकाठचा गडी आन् वांगं चालत न्हाई," आबा म्हणाले. "कारलं सोड, म्हंजे झालं."

दोघंतिघं हसले. काका हसले नाहीत. शेजारी हसत असताना ते हसले नाहीत, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मला वांगं लय आवडतं," ते म्हणाले. "चंपे, तू ल्हान हुतीस तवा. लग्नानंतर पयल्यांदा तुमच्याकडं जेवायला आल्तो. भरली वांगी केल्ती. तिनं मला इचारलंबी न्हाई. सगळ्यांम्होरं म्हणाली, ह्यांना वांगं चालत न्हाई. नवी नवरी. नवऱ्याचं काय तरी ठावं हाय, म्हणून माहेरात मिरवीत हुती. मी म्हटलं, व्हय. न्हाई चालत."



"मग आता कशाला सोडता, दाजी?" चंपामावशी म्हणाली. "आता खावा की. मी करून घालते."

"आता खाल्लं तर ती खोटी पडंल."

गुरुजींनी त्यांच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. काकांनी ते बोटांवरून नदीत सोडलं, आणि तो ओला हात तसाच पुढं धरून बराच वेळ बसून राहिले.